ओटीचा तळ

गेल्या श्रावणात पुण्याला भाचीची पहिली मंगळागौर झाली. घरात एवढी माणसं मावत नाहीत म्हणून हॉल घेतला होता आणि खेळ घ्यायला बायकांचा एक ग्रुप बोलावला होता. सगळ्यांच्या एकसारख्या नऊवारी, नाकात नथ, म्होरकीच्या हातात माईक. बाहेर पावसाची रिपरिप, आत पत्रीचा ओला कडवट वास, उदबत्त्या, जुईचे गजरे आणि या सगळ्यावर मटकीच्या उसळीची फोडणी. झिम्मा झाला, पिंगा झाला, सूप नाचवून झालं. मग फुगड्या सुरू झाल्या आणि भाची तरातरा चालत तिच्या आईपुढे, म्हणजे माझ्या वहिनीपुढे, जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पुढे केलेले. "आई, चल ना, एकच!" वहिनी खुर्चीतच मागे सरकली. "नको गं, गुडघा दुखतोय." लेक हिरमुसली, क्षणभर तशीच थांबली, आणि मग ते पसरलेले हात माझ्याकडे वळले.

मी घातली फुगडी. गिरकीत सगळा हॉल फिरत होता आणि दर फेरीला एकदा वहिनी दिसत होती, टाळ्या वाजवणारी, हिरव्या नारायणपेठेतली. ही वहिनी लग्न होऊन आमच्याकडे आली त्या वर्षी तिनं माझ्या दोन्ही काकूंना फुगडीत दमवून खाली बसवलं होतं. गुडघा म्हणे! त्याच दिवशी सकाळी लिफ्ट बंद होती म्हणून पत्रीची पिशवी आणि फुलांची परडी घेऊन ती दोन जिने चढून आली होती, मध्ये कुठेही न टेकता. मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. तिनं खुर्ची धरली होती ती बाथरूमकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी. मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन तिनं तसाच भरलेला खाली ठेवला होता. सासू-सुनेच्या भांडणाच्या खेळाला सगळा हॉल खदखदून हसला, तेव्हा तिनं हसता हसता पायांची घट्ट अढी घातली. चेहरा हसरा आणि कंबरेखालचं सगळं ताठ.

ते बसणं माझ्या ओळखीचं होतं. अकरा वर्षं मी तशीच बसत होते.

आणि तरी त्या दिवशी मी तिला एक शब्द बोलले नाही. निघताना तिनं माझी ओटी भरली, मी वाकून नमस्कार केला, रिक्षात बसले. घरी येईपर्यंत मांडीवरचा तो खण-नारळ मला जड होत गेला.

माझं सुरू झालं ते दुसऱ्या बाळंतपणानंतर. बाळ पावणेचार किलोचं, टाके पडलेले. माहेरी आईनं सव्वा महिना काय केलं नाही! शेक-शेगडी, बाजेखाली शेपा-ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, पोटाला जुन्या साडीचा घट्ट पट्टा. दवाखान्यात दाखवायला गेले तेव्हा टाके भरलेत, बाळाचं वजन वाढतंय, दूध पुरतंय, सगळं छान म्हणाले. मला मात्र शिंक आली की थेंब गळत होते. दोन-चार दिवस वाट पाहून आईच्या कानावर घातलं. ती माझ्या केसांना तेल लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "होतं गं असं बाळंतपणानंतर. बाईच्या जातीला चालायचंच." तिनं ते इतक्या मायेनं सांगितलं की त्यात काही नाकारण्यासारखं मला दिसलंच नाही. पुढे थेंबाचे ओघळ झाले. गडद रंगाचे सलवार-कुडते आपोआप कपाटात वाढले. एक्स्प्रेसवेला लागलं की फूड मॉल किती लांब आहे हे मनात मोजलं जायचं. लेक दोरीवरच्या उड्या शिकत होती, तिची दोरी मी एका टोकानं फिरवत राहायचे. "तू पण ये ना आई," म्हणाली की माझाही गुडघा दुखायचा. टेकडीवरच्या हास्यक्लबात आम्ही काही बायका मागच्या रांगेत उभ्या राहायचो. हात वर करून हसायचं असतं तिथे. आम्ही हात वर करायचो आणि तोंड भरून हसायचो, पण पोटातून नाही.

माझी आजी रत्नागिरीकडची. सात बाळंतपणं, त्यातली पाच मुलं जगली. धाकट्या काकाच्या वेळी आषाढात बाळंत झाली आणि लावणी अडली होती म्हणून तिसऱ्या आठवड्यात भाताच्या चिखलात उभी राहिली, हे घरात कौतुकानं सांगितलं जायचं. मीही शाळेच्या निबंधात ते कौतुकानं लिहिलं होतं. तिची दुसरी आठवण मात्र मी कुठे लिहिली नव्हती. खोकल्याची उबळ आली की ती दाराची चौकट एका हातानं धरायची आणि दुसरा हात नऊवारीवरून खाली दाबून धरायची, जसं काही आतलं कोणी बाहेर पडेल. मागच्या पडवीत एका दोरीवर तिच्या जुन्या लुगड्याचे चौकोनी तुकडे वाळत असायचे, वर टॉवेल पसरून झाकलेले. एसटीनं जायचं असलं की आदल्या रात्रीपासून ती पाणी पीत नसे. ऐन मे महिन्यातही. काकू आणि आई कुजबुजताना मी एकदा ऐकलं होतं, "त्यांचं अंग बाहेर येतं." अंग बाहेर येतं म्हणजे काय ते मला कळलं नाही. आजीचं अंग तर कायम झाकलेलं, डोक्यावर पदर घेतलेलं. गर्भपिशवी खाली सरकून बाहेर येते, त्याला असं म्हणतात, हे पुढे कळलं तोवर ती नव्हती. आधाराला बसवायची साधी रिंगसुद्धा तिला कोणी दाखवली नाही, कारण तिनं कुणाला दाखवलंच नव्हतं. अंगावर काढणं हा शब्द आपण किती सहज वापरतो. तिनं चाळीसेक वर्षं ते अक्षरशः अंगावर काढलं.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० बायकांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्या ६५० जणींपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला आणि त्याआधी कधी तरी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला पडवीतली ती दोरी आठवली. त्या अभ्यासातले आजार अनेक प्रकारचे आहेत, आजीचा त्रास त्यातला एकच. पण वर टॉवेल पसरणं सगळ्यांचं एक.

मला हे कोणी विचारलं ते अगदी आडवाटेनं. कंबर धरली म्हणून एका फिजिओथेरपिस्टकडे गेले होते. माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कंबर कुठे दुखते, किती वेळ बसता, बाळंतपणं किती, असं विचारता विचारता त्याच सुरात तिनं विचारलं, "शिंकताना, खोकताना लघवी होते?" चहा घेणार का विचारावं तसं. मी म्हणाले, "नाही." बाहेर आले, चपला घातल्या, जिना अर्धा उतरले आणि परत वर गेले. दारातूनच म्हणाले, "होते." ती म्हणाली, "या ना, बसा." माझ्या डोळ्यांत पाणी का आलं ते मला नीट सांगता येणार नाही. लाज तर होतीच. पण अकरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, आणि आता विचारणारीला तो इतका साधा वाटत होता, याचा रागही होता.

तिनं एक नॅपकिन घेतला, त्याची घट्ट गुंडाळी केली आणि खुर्चीवर आडवी नाही तर उभी, पुढून मागे अशी ठेवून त्यावर मला बसायला सांगितलं. "जिथे टेकतंय ना, तिथेच काम करायचंय." पुढच्या, जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी बांधलेली असते, म्हणाली. मूत्राशय, गर्भपिशवी, आतड्याचं शेवटचं टोक, सगळं त्या झोळीवर. लघवीची, बाळाची आणि शौचाची अशा तिन्ही वाटा तिच्यातून जातात. बाळ बाहेर येताना ती किती तरी पट ताणली जाते. वारंवारचा खोकला, जुनं बद्धकोष्ठ, वाढलेलं वजन, पाळी जातानाचे बदल, या सगळ्यांनी ती आणखी सैलावते. मग म्हणाली, "आता वारा सुटू नये म्हणून आवळतो तसं आवळा, आणि तेच पुढे आणत लघवी अडवतो तिथपर्यंत आवळा. बटव्याची नाडी ओढल्यासारखं. आवळायचं आणि वर उचलायचं." मी केलं. ती माझ्या चेहऱ्याकडे आणि पोटाकडे बघत होती. "ताई, तुम्ही कुंथताय."

कुंथताय. अगदी खरं होतं ते. मी सगळं बळ खाली लोटत होते. नंतर विचार करताना उमगलं की माझ्या शरीराच्या त्या भागाशी आजवर कोणी बोललं असेल तर ते फक्त बाळंतपणाच्या टेबलावर, आणि तिथे एकच वाक्य होतं, जोर लाव, अजून जोर लाव. वर घे असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. फिजिओनं माझा चेहरा पाहून लगेच समजूत काढली. अमेरिकेत १९९१ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ४७ बायकांना नुसतं तोंडी सांगून आवळायला लावलं होतं. निम्म्याच जणींना ते नीट जमलं, आणि चौघींत एक तरी असं करत होती की त्यानं त्रास कमी होण्याऐवजी वाढावा. म्हणून तर कोणीतरी एकदा बघून सांगावं लागतं, म्हणाली. मांड्या आवळायच्या नाहीत, नितंब आवळायचे नाहीत, श्वास कोंडायचा नाही. श्वास घेताना ती झोळी आपसूक खाली जाते, सोडताना वर येते. म्हणून सोडताना आवळायचं. लघवी करता करता मध्येच अडवून सराव करायचा नाही. एका वेळी आठ, दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने. ज्यांना तिथे दुखतं, ज्यांचे ते स्नायू आधीच ताठलेले असतात, त्यांनी हा व्यायाम आपल्या मनानं सुरू करायचा नाही, हेही तिनं बजावून सांगितलं.

या व्यायामाला जगभर केगल म्हणतात. अर्नोल्ड केगल हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४८ साली त्यांनी या व्यायामावर शोधनिबंध लिहिला आणि आवळण्याचा जोर काट्यावर दाखवणारं एक उपकरण केलं. बाईला आपली ताकद स्वतःच्या डोळ्यांनी बघता यावी ही त्यांची कल्पना मला फार आवडते. जे स्वतःला दिसत नाही, आरशातही दिसत नाही, त्याला त्यांनी निदान काटा तरी दिला. पण मला त्या नावापेक्षा जास्त छळलं ते दुसऱ्याच एका नावानं. फिजिओ बोलता बोलता म्हणाली, "योगातला मूळबंध म्हणजे जवळजवळ हेच." आणि मला आजीची श्रावणातली ज्ञानेश्वरी आठवली. घोंगडीची चौपट घडी, तिच्यावर आजी, पुढ्यात चौरंग, समईचा उजेड. सहावा अध्याय ती दरवर्षी वाचायची. घरी येऊन मी तो काढला. योग्याच्या आसनाचं वर्णन आहे तिथे, मूळबंधाचं नाव घेऊन. गुद आणि लिंग यांच्यामध्ये चार बोटं जागा, त्यातली दोन्ही बाजूंची दीड-दीड बोटं सोडायची आणि मधल्या एका बोटावर टाच दाबायची. खालची वाट मिटते आणि अपान, म्हणजे खाली जाणारा वायू, आत फिरतो. १२९० सालचा ग्रंथ, आणि बोटं मोजून जागा सांगितलेली! नॅपकिनची गुंडाळी जिथे टेकली होती तीच जागा. सांगणं आहे ते पुरुष योग्याला, आणि हेतूही निराळा, कुंडलिनी जागवण्याचा. पण ते नाव आजीनं दर श्रावणात स्वतःच्या तोंडानं उच्चारलं होतं, खोकला आला की पोथी बाजूला ठेवून, खाली हात दाबून. ते तिच्याही कामाचं आहे हे तिला सांगणारं कोणी नव्हतं. मी पोथी मिटली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

पहिले पाच-सहा आठवडे मला काहीही जाणवलं नाही. दूध तापेपर्यंत आठ, दुपारी ऑफिसच्या खुर्चीत आठ, रात्री गादीवर पडून आठ. पाचापर्यंत मोजून आवळून धरायचं, तितकाच वेळ सैल सोडायचं. धरता येत नव्हतं, तिसऱ्याच आकड्याला नाडी हातातून सुटायची. सैल सोडणं तर त्याहून अवघड. कुठे तरी अर्धवट अडकून राहायचं. आपल्याच घरात एक खोली आहे, तिचं दार आपण कधी उघडलं नव्हतं आणि आता अंधारात दिव्याचं बटण चाचपतो आहोत, असं वाटायचं. मध्ये चार दिवस सोडूनही दिलं. परत धरलं ते लेकीच्या दोरीमुळे. दाराच्या मागे टांगलेली असायची, येता-जाता दिसायची.

मग अकराव्या आठवड्यात आमटी. तेल कडकडीत तापलेलं, मोहरी तडतडली, हिंग टाकला आणि लाल मिरच्या जरा जास्तच काळ्या पडल्या. ठसका घशात चढायला लागला. ठसका येणार हे आधी एक क्षण कळतं. छातीत काहीतरी वर येतं, डोळे चुरचुरतात. त्या एका क्षणात, मी ठरवायच्या आत, खालची नाडी ओढली गेली. मग खोकले, चांगली चार-पाच वेळा खोकले, ओट्याला धरून, डोळ्यांतून पाणी. आणि थांबल्यावर लक्षात आलं की बाकी कुठेच पाणी नाही. कोरडी होते मी. गॅस बंद करून तिथेच उभी राहिले. फोडणी जळली होती, सगळ्या घरात खाट उठला होता, आणि आतल्या खोलीतून नवरा ओरडत होता, "काय झालं?" काय झालं ते एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं. रात्री सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "अकरा वर्षं?" तेवढंच. पण तो बराच वेळ जागा होता.

त्यानंतर माझं सगळं संपलं असं नाही. सर्दी झाली की अजून जपावं लागतं, आणि महिनाभर व्यायाम बुडवला तर शरीर लगेच आठवण करून देतं. पण मी हसते. टेकडीवर पुढच्या रांगेत उभी राहते. भाचीबरोबर फुगडी घातली ती तशीच. म्हणूनच तर वहिनीपाशी गप्प बसले त्याचा त्रास जास्त झाला. मला येत होतं ते मी तिला दिलं नाही. ओटी म्हणजे किती लाडाची जागा आपल्याकडे. लग्नात भरतात, डोहाळजेवणाला भरतात, बाळंतीण सासरी निघाली की भरतात, देवीपुढे भरतात. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. भरणाऱ्या बायका दोन्ही ओंजळी भरून घालतात, आणि ज्या तळावर ते सगळं पेललं जातं त्याच्याविषयी एक अक्षर बोलत नाहीत. माझ्या आईनं नाही, तिच्या सासूनं नाही. फ्रान्समध्ये राहणारी माझी मावसबहीण सांगत होती, तिथे बाळंतपणानंतर या स्नायूंच्या व्यायामाची दहा सत्रं सरकारी विम्यातूनच मिळतात, सुईणबाईच लिहून देते. मला हेवा वाटला. पण आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीच्या उशाशी बसणारी बाई असते, तिच्याही तोंडी हे सहज येऊ शकलं असतं.

गणपतीला आम्ही सगळे भावाकडे जमतो. चतुर्थीच्या सकाळी उकडीचे मोदक वहिनी आणि मी करतो, बाकीच्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नाही. तिचा हात कोकणातला. पारी इतकी पातळ की आतलं सारण दिसावं, आणि कळ्या पंधरा-सोळा, एकसारख्या. मी पाणी-तेलाचा हात घेऊन उकड मळत होते, ती कळ्या पाडत होती. बाहेर आरतीचं ताट लावायची लगबग चालली होती. मी ताटातल्या उकडीकडे बघतच म्हणाले, "वहिनी, मंगळागौरीला तू मठ्ठा प्यायली नाहीस."

तिच्या बोटांतला मोदक गोल फिरत होता. फिरायचा थांबला नाही.

"मीही पीत नव्हते," मी म्हणाले. "अकरा वर्षं." मग एकदा सुरू झालं ते सगळंच सांगून टाकलं. शिंक, गडद सलवार, जिना अर्धा उतरून परत वर जाणं, नॅपकिनची गुंडाळी. आजीचंही सांगितलं. ती मान वर न करता करत राहिली. एक मोदक, दुसरा, तिसरा. चौथ्याला हळूच म्हणाली, "मला तर खाली जडही वाटतं गं. संध्याकाळी फार. कोणाला सांगायचं, आता लेकीचं लग्न झालं आणि आपलं हे काय." मी म्हणाले, जड वाटतं तर आधी दाखवून घ्यायचं, मी येते बरोबर, सोमवारीच जाऊ. मग ती म्हणाली, "आणि तो व्यायाम? आवळायचं म्हणजे नक्की कसं?"

बटवा, नाडी, सगळं माझ्या डोक्यात होतं. पण तिच्या हातात पारी होती, कडा उघड्या, कळ्या पाडून झालेल्या. मी म्हणाले, "आता तू हे करतेस ना, तसंच. कडेनं सगळ्या कळ्या मध्ये घ्यायच्या, जुळवायच्या, आणि अलगद वर ओढायच्या."

तिनं हातातल्या मोदकाकडे पाहिलं. बोटं तिथेच थांबली, तोंड अर्धवट मिटलेलं. मोदकपात्राची वाफ तिच्या चष्म्यावर येत होती, तिनं ती पुसली नाही. बाहेर कोणी तरी हाक मारली, मोदक झाले का म्हणून. आम्ही दोघींनीही ओ दिली नाही.

"आणि श्वास?" तिनं विचारलं. "धरायचा की सोडायचा?"

"सोडायचा," मी म्हणाले. "सोडताना वर."